आय, यू आणि आमचे ‘हे’

ज्यांना इंग्रजी सर्वनामे मुळीच येत नाहीत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शक आहे. आपल्याला ती येतात असे ज्यांना वाटते, त्यांनी थेट सातवा धडा उघडला तरी चालेल. तो वाचून झाला की ते आपोआप पहिल्या धड्याकडे वळतील. साहित्य फारसे लागत नाही: एक वही, एक पेन्सिल आणि थोडा निर्लज्जपणा. पहिल्या दोन वस्तू कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

नामाऐवजी येतो तो शब्द सर्वनाम, ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते, आणि पाठ असणे एवढाच तिचा उपयोग आहे. मराठीत मूळ सर्वनामे नऊ आणि त्यांचे प्रकार सहा, असे आपल्याला शाळेत शिकवतात. इंग्रजीत प्रकार किती, हे हातात कोणते पुस्तक आहे त्यावर ठरते. पर्सनल, पझेसिव्ह, रिफ्लेक्झिव्ह, एम्फॅटिक, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, इनडेफिनिट, डिस्ट्रिब्युटिव्ह, रेसिप्रोकल, रिलेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह. कोणी यातल्या दोघांना एका घरात कोंबतो, कोणी एकाच्या दोन वाटण्या करतो. आपल्याकडे रेन आणि मार्टिन यांचा शब्द प्रमाण. त्यांपैकी पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. पुढे १९२४ साली फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही साहसकादंबरी लिहून ते जगभर गाजले. भारतात मात्र त्यांच्या कादंबरीने जितक्यांना थरारून सोडले, त्याहून कितीतरी जास्त लोकांना त्यांच्या व्याकरणाने घाम फोडला.

परीक्षा असेल तर वरची नावे पाठ करा. नसेल तर पुढे चला.

धडा पहिला: उच्चार

इंग्रजी सर्वनामे मराठी कानाला ओळखीची वाटतात आणि घात तिथेच होतो. ‘मी’ म्हणजे मी नव्हे, मला. ‘माय’ म्हणजे आई नव्हे. विदर्भ-खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ‘ही’ म्हणजे ही नव्हे, तो. ‘शी’ ऐकून नाकाला रुमाल लावू नये. ती बहुधा एखादी सभ्य बाई असते. ‘दे’ म्हटल्यावर खिशात हात घालू नये, कोणी काही मागत नाही. ‘हिम’ आणि ‘हर’ शेजारी शेजारी आले तरी कैलास होत नाही, त्याला-तिला एवढेच होते.

यातली बहुतेक साम्ये निव्वळ योगायोगाची आहेत, पण ‘मी’चे तसे नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले. इंग्रजीही त्याच गोतावळ्यातली. तेव्हा त्यांचा ‘मी’ आणि आपला मी एका घराण्यातले आहेत. आपल्या ‘तू’चाही एक चुलतभाऊ तिकडे होता. त्याचे काय झाले ते तिसऱ्या धड्यात येईल. करुण कथा आहे.

धडा दुसरा: आय

मराठी माणूस शक्यतो ‘मी’ म्हणत नाही. ‘येतो.’ ‘जेवलो.’ ‘बघतो काय जमतंय ते.’ कर्ता क्रियापदाच्या शेपटीला बांधलेला असतो, त्याला वेगळे पुढे आणायची गरज पडत नाही. इंग्रजी क्रियापदाची शेपटी काळाच्या ओघात झडून गेली. त्यामुळे दर वाक्यात ‘आय’ उभा करावा लागतो. आय केम, आय एट, आय विल सी. पानभर पत्र लिहून झाले की ते अहंकाराचे प्रदर्शन वाटू लागते. विद्यार्थ्यांनी लाजू नये, हा मीपणा सक्तीचा आहे.

तो मोठ्या लिपीत का लिहितात? त्यातही गर्व नाही. हस्तलिखितांच्या काळात एकटाच उभा राहिलेला छोटा आय शाईच्या गर्दीत हरवून जाई, म्हणून लेखनिकांनी त्याला उंच केला. पुढे छापखाने आले आणि ती उंची कायम झाली.

‘आय’ला लिंग नाही. पुण्यातली बाई ‘मी आले’ म्हणते, कोल्हापुरातली ‘मी आलो’ म्हणते. इंग्रजी ‘आय’ कोल्हापूरचा आहे, असे समजून चालावे.

सरकारी नोकरांनी हा धडा गाळला तरी चालेल. त्यांच्या इंग्रजीत ‘आय’ नसतोच, ‘द अंडरसाइन्ड’ असतो. मराठीत हाच गृहस्थ अधोस्वाक्षरीकर्ता म्हणून ओळखला जातो. तो स्वतः काही करत नाही. त्याला नेहमी कोणीतरी वरून निर्देश दिलेले असतात.

धडा तिसरा: यू

निर्लज्जपणा बाहेर काढा.

इंग्रजीत सगळ्यांना अरे-तुरे करतात, असा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. साहेबाला यू, शिपायाला यू, कुत्र्यालाही यू; म्हणजे सगळे एकेरीच. त्यामुळे इंग्रजीत बोलायची वेळ आली की मराठी जावई सासऱ्यांपुढे अडखळतो. एवढ्या मोठ्या माणसाला ‘यू’ कसे म्हणायचे? हा समज आजच्या आज सोडून द्यावा. खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘यू’ मुळात अनेकवचनी, म्हणून आदरार्थी. एकट्या माणसाशी बोलतानाही ‘यू आर’, ‘यू वेअर’ म्हणतात ते उगीच नाही. इंग्रजीत सगळ्यांना अहो-जाहोच करतात. इंग्रज आपल्या कुत्र्याला ‘यू सिट’ म्हणतो, तेव्हा तो काटेकोर व्याकरणाने ‘अहो, आपण बसा’ असे म्हणत असतो.

एकेरी शब्द होता तो ‘दाउ’, आपल्या ‘तू’चा चुलतभाऊ. मुले, नोकर, जिवलग मित्र आणि देव यांना दाउ. वडीलधारी, मालक आणि परके यांना यू. ही पद्धत फ्रेंचांच्या वळणावर रुजली आणि काही शतके आपल्यासारखीच नीट चालली. पण मग अनोळखी माणूस भेटला की हा दाउ की यू, अशी पंचाईत व्हायची. कमी लेखण्यापेक्षा जास्त लेखलेले बरे, या व्यवहारी विचाराने लोक सगळ्यांनाच यू म्हणू लागले. उरलेला दाउ अपमानाच्या कामी येऊ लागला. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारच्या बाजूने उभे असलेल्या एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम दाउ-दाउ करून हिणवले. ‘अरे-तुरेचं काम नाही’ हे मराठी भांडणातले वाक्य त्यांना सहज समजले असते.

त्यानंतर क्वेकर हा ख्रिस्ती पंथ आला. जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे अनुयायी म्हणत, देवापुढे सगळी माणसे सारखी, मग सगळ्यांना दाउ. न्यायाधीशालासुद्धा. १६६० साली फॉक्स यांनी सहकाऱ्यांना घेऊन एकवचन-अनेकवचन शिकवणारे एक पुस्तकच छापले. एका माणसाला एकवचनच लागते, हे त्यात अनेक भाषांचे दाखले देऊन सिद्ध केले होते. व्याकरण बिनचूक होते, पण न्यायाधीश त्यामुळे खूश झाले नाहीत. माणसे समान करायची तर दोनच रस्ते असतात: सगळ्यांना ‘अरे’वर उतरवा किंवा सगळ्यांना ‘अहो’वर चढवा. क्वेकरांनी पहिला धरला, इंग्रजीने दुसरा. माझे मत विचाराल तर दुसऱ्यात मारामाऱ्या कमी होतात.

आज दाउ यॉर्कशरसारख्या काही भागांतल्या बोलींत आणि जुन्या प्रार्थनांत उरला आहे. आपण विठोबाला अहो म्हणत नाही, तसेच इंग्रजही देवाला एकेरीत हाक मारत. गंमत अशी की आता तो शब्द चर्चबाहेर फारसा कानावर पडत नसल्याने इंग्रजांनाच तो भारदस्त वाटतो. घरगुती शब्द सोवळ्यात गेला.

पण एक शब्द गेला की त्याची जागा रिकामी राहते. एकाला ‘यू’ आणि दहांनाही ‘यू’ म्हटल्यावर नेमके किती जण जेवायला येणार, हे कळेना. मग अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ निघाला, पिट्सबर्गमध्ये ‘यिन्झ’, आयर्लंड आणि लिव्हरपूलकडे ‘यूज’, आणि बाकी सर्वत्र ‘यू गाइज’. विद्यार्थ्यांनी हे ऐकावेत, समजून घ्यावेत, अर्जात लिहू नयेत.

आपली अडचण वेगळी. आपल्याला आदर दाखवल्याशिवाय घास गिळत नाही, आणि ‘यू’मधला आदर तर दिसत नाही. त्यावर भारतीय कचेऱ्यांनी परस्पर तोडगा काढला आहे. ‘सर इज इन अ मीटिंग. सर विल कॉल व्हेन सर इज फ्री. हॅज सर हॅड हिज लंच?’ हा ‘सर’ आता नाम राहिलेला नाही. तो पूर्ण वाढ झालेले सर्वनाम आहे: आदरार्थी, द्वितीय आणि तृतीय अशा दोन्ही पुरुषी चालणारे, स्त्रीलिंगी रूप ‘मॅडम’. व्याकरणाच्या पुस्तकांनी त्याला स्वतंत्र प्रकार द्यावा, अशी माझी जाहीर मागणी आहे.

धडा चौथा: वी

मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही जेवायला चाललोय’ म्हटले की पाहुणा समजतो आणि चपला शोधू लागतो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की तो हात धुवायला उठतो. इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. पाहुण्याने काय समजायचे ते यजमानाच्या चेहऱ्यावरून.

राजे-महाराजे स्वतःला एकट्याला ‘वी’ म्हणवून घेत. १९८९ साली मार्गारेट थॅचर यांनी आपण आजी झाल्याची बातमी पत्रकारांना ‘वी’ लावून सांगितली, तेव्हा त्यांची बरीच थट्टा झाली. इंग्लंडात हे बिरूद राणीपुरते राखीव होते. आपल्याकडे ते कोणत्याही गल्लीत मिळते.

धडा पाचवा: ही, शी, इट

इथे आनंदाची बातमी आहे. पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, हे ओझे इथे उतरवून ठेवा. इंग्रजीत निर्जीव ते सगळे इट. अपवाद जहाजांचा. त्यांना शी म्हणायची जुनी रीत होती, पण जहाजव्यवहाराचे ‘लॉइड्स लिस्ट’ हे पत्रसुद्धा २००२ साली ती सोडून इट लिहू लागले. कुत्रा स्वतःचा असेल तर ही किंवा शी, दुसऱ्याचा असून भुंकत असेल तर इट. तान्हे बाळही परक्याचे असेल तर इट चालते; मात्र त्याच्या आईसमोर हा नियम वापरू नये.

‘इट इज रेनिंग.’ कोण पडते? आपल्याकडे पाऊस पडतो, पाच वाजतात, उकडते. इंग्रजीला कर्त्यावाचून वाक्यच उभे करता येत नाही, म्हणून तिने एक बिनकामाचा इट पगारावर ठेवला आहे. त्याचा अर्थ शोधत बसू नये.

आता गृहिणींची अडचण. ‘आमचे हे’, ‘ह्यांना विचारते’, ‘हे घरी नाहीत’. मराठी संसारात ‘हे’ हे सर्वनाम कित्येक पिढ्या एकाच पुरुषासाठी राखून ठेवले होते. त्याहून जुन्या चालीत तेवढेही नव्हते. ‘इकडून कधी येणं झालं?’ या वाक्यातून नवरा व्याकरणासकट गायब आहे, फक्त दिशा उरली आहे. इंग्रजीत याला उत्तर नाही. ‘माय दिस’ असे भाषांतर करू नये. ‘ही’ म्हणावे, आणि तोच शब्द दूधवाल्यालाही लागतो हे मनाला लावून घेऊ नये. हल्लीच्या मुली नवऱ्याला सरळ नावाने हाक मारतात, त्यामुळे त्यांचा हा धडा आधीच झालेला आहे.

धडा सहावा: दे

‘दे’, ‘देम’, ‘देअर’ हे मूळचे इंग्रजी नव्हेत. समुद्रातून लुटायला आलेले आणि मग उत्तर व पूर्व इंग्लंडात शेतीवाडी करून राहिलेले व्हायकिंग ते मागे ठेवून गेले. परकी नामे सगळ्या भाषा घेतात, सर्वनामे उसनी घेणे दुर्मीळ. चौदाव्या शतकातला चॉसर ‘दे’ लिहितो खरा, पण ‘देम’च्या जागी जुना ‘हेम’च वापरतो. आजही घाईत बोलताना इंग्रज नुसते ‘एम’ म्हणतात. तो ‘देम’चा तुटलेला तुकडा नव्हे, त्या जुन्या ‘हेम’चाच वंशज आहे.

‘दे’ अनेकवचनी, असे शाळेत शिकवतात. पण ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ या वाक्यातली छत्री एकाच माणसाची आहे. तो बुवा की बाई हे ठाऊक नाही, म्हणून ‘देअर’. हा वापर चौदाव्या शतकापासून चालत आला आहे. शेक्सपियर आणि जेन ऑस्टिन यांनीही तो केला. पुढे व्याकरणकारांना तो खटकला. त्यांनी ठरवले की अशा जागी ‘ही’ लिहावे, त्यात ‘शी’ आली असे समजावे. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने तसा कायदाच केला: पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धराव्यात.

ऐकायला छान वाटते. १८६७ च्या कायद्याने मताधिकार ‘मॅन’ला दिला. म्हणजे त्यात आम्हीही आलो, असे म्हणून बायका न्यायालयात गेल्या. १८६८ साली न्यायालयाने सांगितले, नाही, इथे नाही आलात. भारतातही १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट तेच सांगत होता. तरी रेजिना गुहा यांनी वकील म्हणून नोंदणी मागितली, तेव्हा १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ साली देऊन बसल्या होत्या. त्यांना सनद मिळायला १९२० चे दशक उजाडले. १९२३ साली स्त्रियांसाठी वेगळा कायदा करावा लागला. विद्यार्थ्यांनी नियम असा लिहून घ्यावा: दंड भरायचा असेल तर ‘ही’मध्ये ‘शी’ येते, हक्क मागायचा असेल तर न्यायालयाला विचारावे लागते.

मधल्या काळात चार्ल्स कॉन्व्हर्स या अमेरिकन वकिलाने ‘थॉन’ असा नवाच शब्द घडवून पाहिला. १९३४ च्या वेब्स्टर कोशात त्याला जागा मिळाली आणि १९६१ च्या आवृत्तीत ती गेली. ‘दे’ मात्र कोणी न बोलावता टिकून राहिला. आपल्याला ही किंवा शी यांपैकी काहीच लावू नये, असे वाटणारे लोकही आता तोच मागून घेतात. मेरियम-वेब्स्टरने २०१९ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. एकट्या माणसाला अनेकवचन म्हणून तिकडे वर्तमानपत्रांतून वाद झाले. मराठी विद्यार्थ्याला यात अवघड काहीच नाही. एकटे आजोबा आले तरी आपण ‘ते आले’च म्हणतो. जावईबापूंना तर त्यांनी न मागता ‘ते’ देतो. कोणी मागून घेत असेल, तर देऊन टाकावे.

धडा सातवा: मायसेल्फ, आणि ‘यू अँड आय’

‘मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम सांगली.’ या वाक्याला हसणारे पुष्कळ आहेत. परीक्षेत ते चूकच. मायसेल्फ हा आरशासमोर वापरायचा शब्द आहे: कर्ता आणि कर्म एकच असले की तो येतो. पण बोलणाऱ्याची अडचण मला कळते. ‘आय ॲम’ म्हणजे छाती पुढे काढून उभे राहणे. ‘मायसेल्फ’ म्हणताना हात जोडलेले असतात. खुद्द इंग्लंडात विक्रीच्या धंद्यातली मंडळी गिऱ्हाइकाला ‘यू’ न म्हणता ‘युअरसेल्फ’ म्हणतात, कारण त्यांनाही नुसता ‘यू’ उघडाबोडका वाटतो. शिवाय या कुटुंबातच एकवाक्यता नाही. माय-सेल्फ, युअर-सेल्फ, मग हिज-सेल्फ का नाही? काही बोलींत तसेच म्हणतात, आणि तर्काला धरून बोलल्याबद्दल त्यांना गावंढळ ठरवले जाते.

तिकडच्या मुलांना लहानपणी दटावतात: ‘मी अँड टॉम’ नव्हे, ‘टॉम अँड आय’. दटावणी इतकी मुरते की मोठेपणी ते ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणू लागतात, आणि तिथे नियमाने ‘मी’ हवा असतो. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओच्या पत्रातही हीच चूक आहे. उपाय सोपा: दुसऱ्या माणसाला वाक्यातून क्षणभर बाहेर पाठवा आणि आपण एकटे असतो तर काय म्हटले असते ते पाहा.

धडा आठवा: इट्स

ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे डोक्यावर चढलेला स्वल्पविराम, असेल तर ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. नसेल तर ‘त्याचा’. हा नियम इंग्रजांच्या दुकानांच्या पाट्यांवर रोज मोडलेला दिसतो. शब्द तसा नवाच आहे. १६११ च्या बायबलच्या पहिल्या छपाईत तो एकदाही नाही, वस्तूंनाही ‘हिज’ लावले आहे. अठराव्या शतकात तर ‘त्याचा’ या अर्थाने ॲपॉस्ट्रॉफीवाला इट्स सर्रास छापत. आज चुकणाऱ्याने आपण थोडे जुन्या वळणाचे आहोत, असे सांगावे.

धडा नववा: हूम

वगळावा. इंग्रजांनी बोलण्यातून जवळजवळ वगळलाच आहे.

स्वाध्याय

१. ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट हिज चेक हॅड बाउन्स्ड.’ चेक कोणाचा? मराठीत ‘आपला’ आणि ‘त्याचा’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत वकील करावा लागेल. वकिलाच्या फीचा अंदाज लिहा.

२. आपल्या साहेबांशी पाच मिनिटे इंग्रजीत बोला आणि त्यात ‘सर’ एकदाही येऊ देऊ नका. हा प्रश्न ऐच्छिक आहे.

३. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला ‘यू’ म्हणा. त्या रागावल्यास तिसरा धडा मोठ्याने वाचून दाखवा. ‘यू’ आदरार्थी आहे, आणि १६६० सालचा छापील पुरावा आपल्या बाजूने आहे.